सॅक माळ्यावर टाकू का?

ताई, नमस्कार.

वय ५१, राहणार डोंबिवली, नोकरी बँकेत. १९९८ साली आसनगावला उतरून माहुली चढलो, तेव्हापासून डोंगराचं वेड लागलं ते आजतागायत. वहीत १८४ किल्ल्यांची नोंद आहे. आमचा आठ जणांचा कंपू होता. दोघे परदेशी गेले, एकाची बायपास झाली, उरलेले व्हॉट्सॲपवर ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणतात. म्हणून गेल्या जानेवारीत पैसे भरून एका नव्या ग्रुपबरोबर हरिश्चंद्रगडाला गेलो. पाचनईतून चढलो, काही वाटलं नाही. खिरेश्वरला उतरताना मात्र टोलार खिंडीच्या वरच्या कातळावरच उजवा गुडघा बोलायला लागला. सगळे पुढे, मी मागे. शेवटी विशीतला एक पोरगा परत वर आला आणि म्हणाला, “काका, सॅक द्या इकडे.” मी दिली. खाली गाडीत सगळे तासभर माझ्यासाठी खोळंबले होते. कुणी काही बोललं नाही. “काका, पाणी घ्या” एवढंच म्हणाले.

त्यानंतर गेलो नाही. बायको म्हणते, बरं झालं, आता तरी रविवारी घरी दिसाल. ती या २७ वर्षांत एकदाही आलेली नाही. गडांवर गर्दीही इतकी झालीय की जावंसं वाटत नाही. काका झालो हे मान्य करून सॅक माळ्यावर टाकावी का? पण शनिवारी रात्री फलाटावर कसाऱ्याच्या गाडीची घोषणा झाली की पोटात कालवतं.

– एक भटका, डोंबिवली

भटकेबुवा, नमस्कार.

तुमच्या पत्रात गुडघा एकदा येतो आणि ‘काका’ तीनदा. म्हणजे दुखतंय कुठे ते तुम्हीच सांगून टाकलंत. गुडघ्याचं बघू, त्याला इलाज आहेत. आधी त्या सॅकचं.

माझी सॅक पहिल्यांदा कुणी घेतली तेव्हा मी ४६ वर्षांची होते. राजगडाच्या चोरदरवाजातून गुंजवण्याकडे उतरत होतो आणि घेणारा माझ्या मुलाच्या वयाचा होता. मला त्याचा इतका राग आला की खाली पोचेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. त्याने सॅक परत दिली तेव्हा आभार मानायचे सोडून आतला चिवड्याचा डबा तेवढा उघडून पाहिला. त्याला आता १५ वर्षं झाली. हल्ली सॅक मीच पुढे करते. मध्ये एवढंच झालं की वीस-बावीसची असताना मी स्वतः किती जणांची ओझी घेतली होती ते एकदा आठवून पाहिलं. तेव्हा मला त्या माणसांबद्दल काय वाटायचं? काहीच नाही. सॅक जड आहे, एवढंच. तुमच्या त्या पोरालाही तेवढंच वाटलं असणार. तो घरी जाऊन झोपला. वर्षभर जागे आहात ते तुम्ही.

आणि त्या ग्रुपवर रागावू नका, पण पुन्हा त्यांच्याबरोबर जाऊही नका. पैसे भरून जाणाऱ्या पन्नास जणांची चाल ठरते ती गाडीवाल्याने परतीला दिलेल्या वेळेवर. त्यात बिचाऱ्या लीडरचंही काही चालत नाही. अशा रांगेत पन्नाशीचा माणूस मागेच पडायचा, गुडघा धडधाकट असला तरी. तुम्हाला दोन माणसं पुरतील. अगदी एकटे जाऊ नका. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, पाय मुरगळला आणि मोबाईलला रेंज नसली तर गावाला कळायला रात्र होते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं आपापली कामं टाकून रात्री-अपरात्री लोकांना दरीतून काढतात, ती काय आपल्या हौसेसाठी नव्हे. पण दोघं किंवा तिघं, आणि शक्य असेल तर सुट्टी टाकून आडवारी. मंगळवारी रिकाम्या गडावर मागे राहिलात, तरी मागे राहिलात असं म्हणायला तिथे कुणी नसतं.

आता गुडघा. आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तुम्ही अजून गेलेला नाहीत हे पत्रावरून कळतंय, कारण गेलेला माणूस एमआरआयचा रिपोर्ट शब्दन् शब्द उतरवून पाठवतो. गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा वजन टाकल्यावर दगा देत असेल तर पुढचा परिच्छेद वाचूच नका, आधी तपासून या.

तसं काही नसेल तर ऐका. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकसतो आणि अंग वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, दर पावलाला. तो थकला की ब्रेक लागत नाही आणि धक्का थेट सांध्यात जातो. हरिश्चंद्रगडाच्या देवळापासून टोलार खिंडीपर्यंत त्या टेकड्यांचा खेळ असतो ना, एक उतरली की दुसरी, त्यातच मांड्यांची निम्मी शिल्लक संपते. मग कातळ येतो. तुम्ही सकाळी चालायला जात असाल, चांगलंच आहे, पण सपाटीवर चालून हा स्नायू तयार होत नाही. त्याला उतरायलाच शिकवावं लागतं. तेव्हा इमारतीत लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या. सगळं जग उलटं करतं. एकेका पायरीला मनात तीन आकडे मोजत, कठड्याला हात न लावता, आठवड्यातून तीनदा, दोन-तीन महिने. शेजारी विचारतील. मी आमच्याकडच्यांना सांगितलंय की लिफ्ट वर जाते तेवढीच माझ्या भरवशाची आहे.

काठ्या दोन घ्या. एक नव्हे, दोन. आणि उतरणीला चार बोटं लांब करा. (कातळटप्पा आला की त्या सॅकला अडकवायच्या, तिथे हात मोकळे हवेत.) आपल्या पिढीला काठीची लाज वाटते, का ते मला कधी कळलं नाही. ज्या गुराख्यांनी आणि वाटाड्यांनी आपल्याला या वाटा दाखवल्या त्यांच्या हातात काठी नव्हती असा एक तरी आठवतो का तुम्हाला?

आणि सॅकचं वजन करा, घरच्या काट्यावर. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ११ किलो भरलं. आत काय होतं? स्टोव्ह, दोन पातेली, कांदे-बटाटे, एक जाड दोर. तो दोर मी शेवटचा कधी सोडला होता तेच आठवेना. गडावर खायला काही मिळत नसे तेव्हाची ती सवय. आता हरिश्चंद्रगडावर देवळाशेजारी गरम पिठलं-भाकरी मिळते आणि तरी आपण खिचडीचं सामान वाहून नेतो, आणि वर ‘डोंगर आता पूर्वीसारखा राहिला नाही’ म्हणतो. मी आता पाच किलोंवर आलेय. त्यातलं निम्मंअधिक पाणी. पाण्यात मात्र काटकसर करायची नाही. तीन लिटर म्हणजे तीन किलो, ते घ्यायचेच. फेब्रुवारी उलटला की गडावरच्या टाक्यांवर विसंबण्यात अर्थ नसतो.

वेळेचा हिशेबही नव्याने मांडा. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपं गणित घालून दिलं: तीन मैलांना एक तास, आणि चढाई असेल तर दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. डोंगरात हिंडणारे लोक अजून ते वापरतात. त्यात उतरणीला जास्तीचा वेळ नाही, आणि आपल्या मार्चमधलं ऊन तर त्या गृहस्थाच्या गावीही नसणार. मी त्याची दीडपट करते आणि जेवढं चढायला लागेल तेवढंच उतरायला धरते. तुमच्या वहीत १९९८ सालच्या वेळा लिहिलेल्या असतील. त्या खोडू नका, पण त्यांच्या भरवशावर परतीची लोकलही ठरवू नका.

वहीचं निघालंच आहे तर बोलते. १८४ हा आकडा वाचून मला आधी कौतुक वाटलं आणि मग जरा धास्ती वाटली, कारण माझ्याकडेही अशी वही होती. आकडा वाढत असतो तोवर छंद पळतो. पण एक दिवस असा येतो की राहिलेले किल्ले एक तर फार लांब असतात, नाही तर फार कठीण. मग माणूस म्हणतो, संपलं. मी ११२ वर थांबले. त्यानंतर एकाच डोंगराला जात राहिले. कुठला ते सांगत नाही, गर्दी होईल.

त्या एका डोंगराला मी आजवर किती वेळा गेले ते मोजलेलं नाही. पायथ्याला एक घर आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथली पोर परकरात होती आणि मला बघून आईच्या मागे लपली होती. आता ती घर चालवते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवण करून घालते आणि मला दटावते. गेल्या पावसानंतर गेले तर म्हणाली, “मावशी, आवंदा वरल्या वाटंनं जाऊ नको, मोडली ती. खालच्या पदरातनं जा.” पदर म्हणजे डोंगराच्या कुशीतली सपाटी, आणि वाट मोडली म्हणजे पायवापर थांबला, गवत वाढलं, दगड ढळले. मी त्या डोंगरावर ती वाट मळलेली असताना पाहिली, मोडताना पाहिली, आणि आता कारवीने गिळलेली पाहतेय. १८४ ठिकाणी एकेकदा गेलेल्याला हे बघायला मिळत नाही. टोमणा समजू नका, म्हणजे थोडा समजा.

कारवीचंच घ्या. साधारण सात वर्षांतून एकदा फुलते. २७ वर्षांत एखाद्या डोंगरावर तिचे तीन-चार बहर येऊन गेले असणार. तुमच्या वहीत कुठे नोंद आहे? माझ्याही नव्हती. मी कारवीच्या झुडपांना धरून चढत होते आणि घड्याळ बघत होते.

गर्दीबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. श्रावणातल्या रविवारी कळसूबाईच्या शिड्यांशी रांग लागते, लोहगडाच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते, सगळं खरं. पण ती पोरं आज करतात ते आम्ही १९८३ साली करत होतो, फक्त आमच्याकडे स्पीकर नव्हता. गुहेत रात्री दोनपर्यंत भेंड्या चालायच्या. पलीकडे कोण झोपलंय याची आम्हाला काडीची पर्वा नव्हती. गर्दी ठरावीक बारा-पंधरा गडांवर असते आणि ठरावीक दहा रविवारी. तेवढं टाळलं की सह्याद्री अजून रिकामाच आहे.

आता तुमच्या घरचं. पत्रात तुम्ही बायकोचं वाक्य गर्दीच्या शेजारी ठेवलंय, जणू दोन्ही एकाच जातीच्या अडचणी. तुमच्या वहीत १८४ किल्ले आहेत. तिच्याकडे वही असती तर तिथे निदान १८४ रविवार भरले असते. पाहुणे आले तेव्हा तुम्ही नव्हता. पोरांच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हता. सोमवारी चिखलाचे कपडे कुणी भिजवले? दीर्घकाळ जपलेल्या छंदाचा खर्च बूट आणि तिकिटांत होतो असं आपल्याला वाटतं, पण मोठी रक्कम दुसऱ्याच्याच खात्यातून गेलेली असते. बँकेतल्या माणसाला हे मी सांगावं?

‘एकदाही आली नाही’ असं लिहिता. शेवटचं कधी विचारलंत? आणि कसं विचारलंत? कारण ‘चल, तुला गड दाखवतो’ हे विचारणं नव्हे, ती धमकी असते. मग दर दरवाजाशी इतिहास, दर बुरुजाशी लढाई आणि दम लागला की ‘एवढ्यात?’ मी अशी जोडपी पाहिली आहेत. परतीच्या गाडीत ती वेगवेगळ्या सीटवर बसतात. माझ्या यजमानांना चढणं मुळीच आवडत नाही. ते पायथ्याच्या गावापर्यंत येतात आणि मारुतीच्या देवळात पेपर घेऊन बसतात. मी खाली येईपर्यंत त्यांना कुणाच्या विहिरीला पाणी लागलं आणि कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं ते सगळं कळलेलं असतं. गावाबद्दल मला त्यांच्यामुळे जास्त कळलं, हे मी त्यांच्यासमोर कबूल करत नाही.

चढायचं नसेल तर समुद्र आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. या अकरांमध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग सरळ पाण्यात, विजयदुर्ग पाण्याला लागून. तुमच्या १८४ मध्ये हे असतीलही, पण तुम्ही तिथे बायकोला न घेता गेला होता. मालवणला दोन दिवस मुक्काम टाका, होडीने सिंधुदुर्ग बघा, दुपारी माशांचं जेवण, आणि तटबंदीची लांबी सांगायचा मोह आवरा. विचारली तरच सांगा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा गुडघा उतरताना दुखतो. मग उतरताच कशाला? गड चढला की उतरावा लागतो, पण घाटवाट, म्हणजे कोकणातून देशावर चढणारी जुनी पायवाट, उतरावी लागत नाही. सह्याद्री कोकणातून भिंतीसारखा दिसतो, देशावरून पाहिलं तर अंगणासारखा. कोकणातून चढून माथ्यावर आलात की पुढे डांबरी रस्ता असतो आणि कधी ना कधी एसटी. खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला जा. शिडी घाटाने नको, तिथल्या शिड्यांचे आणि कातळाचे लाड आता पुरवू नका. वाट देवळाशी संपते आणि एसटी देवळाजवळूनच सुटते. किल्ले मोजणाऱ्यांच्या यादीत या वाटा कधीच येत नाहीत, त्यामुळे तुमच्यासाठी बहुतेक सगळ्या कोऱ्या असतील.

सुरुवात मात्र नाणेघाटाने करा. तुम्ही त्याच्या शेजारचा जीवधन किल्ला केला असेल, वहीत असेल. नाणेघाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढलात का? कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्याला वैशाखऱ्याच्या पुढे रस्त्यालगतच वाट सुरू होते. तुमच्या आजच्या चालीने तीन तास धरा. आधी झाडीतली मळलेली वाट, मग दगडी पायऱ्या, आणि शेवटी डोंगर फोडून काढलेली अरुंद खिंड, जिच्यात उन्हाळ्यातही वारा असतो. खिंडीच्या तोंडाशी गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. यज्ञांत किती गायी दिल्या, किती घोडे, किती कार्षापण नाणी, सगळं आकड्यांत कोरलेलं. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्या आकड्यांची गणना होते. तुम्हाला जमाखर्च वाचायची सवय आहे, तुम्ही तिथे रमाल. वर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकत असं सांगतात. खाली कल्याण-सोपाऱ्याची बंदरं, वर जुन्नर आणि पैठण, आणि मधली ही चढण दोन हजार वर्षं लोकांनी बैल हाकत, ओझी घेऊन चढलेली. त्यांच्यात तुमच्या-माझ्या वयाचेही असणारच. त्यांना सॅक द्यायला कुणी नव्हतं.

डिसेंबर-जानेवारीतला एखादा आडवार बघा. तुमच्या बायपास झालेल्या मित्राला फोन करा, मेसेज नको. त्याची गाडी असेल तर त्याच्या डॉक्टरांना विचारून त्याला घ्या, आणि बायकोला विचारा येतेस का म्हणून. नाही म्हणाली तर ठीक. पण सांगा की चढायचं अजिबात नाही, कारण नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत जुन्नरकडून गाडी जाते. पहाटे डोंबिवलीतून निघा. पायथ्याशी तुम्ही आणि ‘पुढच्या वेळी नक्की’वाल्यांपैकी एकजण उतरा, पाण्याच्या बाटल्या आणि दोन्ही काठ्या घेऊन. जेवणाचा डबा गाडीतच राहू द्या. गाडीतले माळशेज घाट चढून, जुन्नरला वळसा घालून, घाटघरवरून माथ्यावर येतील. त्यांनाही अडीच-तीन तास लागतील. आणि मध्ये कुठे चहाला थांबले, तर तुम्ही वर रांजणापाशी बसून त्यांच्यासाठी खोळंबलेले असाल.